गाडी उपाशीपोटी बघावी

दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, तर खाली पार्किंगमधून आवाज आला. खर्र-खर्र-खर्र, मग इंजिन पेटलं आणि भडभड करत अख्खी गाडी थरथरली. मिनिटभराने सगळं सुरळीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी. पावसाळ्याच्या आधी तिच्यावर कव्हर चढलं होतं, ते आज ऑक्टोबरच्या उन्हात उतरलेलं दिसलं. मी गॅलरीत येईपर्यंत बॉनेट उघडून तीन पुरुष आत वाकले होते आणि तिघांचं एकमत झालं होतं: बॅटरी.

बॅटरी नाही हो! बॅटरीचा आवाज असा नसतो. किल्ली फिरवल्यावर नुसतंच एक ‘टक्’ झालं, तर बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडायच्या खुंटीवर, पांढरं-हिरवं चढलेलं असतं, नाहीतर स्टार्टरचं, म्हणजे इंजिनाला पहिला फिरका देणाऱ्या मोटरचं, दुखणं असतं. ‘टकटकटकटक’ अशी घाईघाईची टकटक आणि डॅशबोर्डचे दिवे मंद, ही बॅटरी. कण्हत कुंथत फिरणं, हीसुद्धा बॅटरीच, फक्त अजून धुगधुगी असलेली. इथे स्टार्टर झोकात फिरत होता. इंजिन पेटतही होतं, फक्त पहिला मिनिटभर धड नव्हतं. त्यात काकांचं इंजिन तीन सिलिंडरचं. तिथे एकाने दांडी मारली की काम करायला दोघंच उरतात, मग आरसासुद्धा थरथरतो.

हे सगळं मी गॅलरीतून ओरडून सांगितलं असतं, तर काका म्हणाले असते, “असू दे गं, वॉचमन बघतोय.” म्हणून नाही सांगितलं. पण झोप उडाली ती उडालीच.

हे कान मला अण्णांनी दिले. आमच्याकडे कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० होती, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण कॉम्प्युटरविना जमवणारी. मावशी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, आणि तिथली जानेवारीतली गारठ्याची पहाट ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर तरंगत असायचा, आणि ओट्यासमोर अण्णांची गाडी दवाने न्हालेली. आई आणि मावशीचा निरोप काही केल्या आटपत नसे, त्यामुळे अण्णांना भरपूर वेळ मिळायचा. चोक, म्हणजे गार इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त देणारी खुंटी, पूर्ण ओढायचा. अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबायचा. तिसऱ्यांदा दाबला की पेट्रोलचा भपकारा येणार आणि गाडी ओव्हरफ्लो होणार, हे मावशीच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. पण शेजारचे कोणीतरी तात्या खिडकीत डोकं घालून “आणखी एकदा दाबा की” म्हणायचेच. मग पेट्रोलला ठिणगी देणारे प्लग भिजलेले निघायचे, पॉलिश पेपरने घासले जायचे आणि मावशीच्या चुलीच्या आरावर शेकायला ठेवले जायचे. बाजूला भाकरी, पलीकडे प्लग. मला टॉर्च धरायचं काम. टॉर्च हलला की बोलणी बसत. शेकलेले प्लग फडक्यात धरून अण्णा ते बसवायचे, किल्ली फिरवायचे आणि एक हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. आईसुद्धा गप्प व्हायची. वर्षातून तेवढीच वेळ.

इंजिन लागलं तरी लगेच निघायचं नाही. चोक हळूहळू, आवाजाच्या मागे मागे आत सारायचा. लवकर सारला तर गाडी गचकते, उशीर केला तर मागे काळा धूर. कुठे थांबायचं ते कानानेच ठरायचं.

आता ही सगळी कामं कॉम्प्युटर करतो, आणि करताना काही बोलत नाही. इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगायला एक छोटा सेन्सर असतो. तो म्हणाला गार, की कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. तो म्हणाला गरम, की हात आखडता घेतो. सेन्सर बिघडून भल्या सकाळीच ‘गरम आहे’ म्हणाला, तर इंजिन अर्धपोटी उठतं आणि थरथरतं. याची परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीला इंजिन सुरू करायच्या आधी स्कॅनर, म्हणजे कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारं यंत्र, लावायचा. पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. हवा २० अंश आणि पाणी ६०, असं दिसलं तर चोर सापडला.

त्याहून सोपी परीक्षा बिनपैशाची. किल्ली ‘ऑन’पर्यंतच फिरवायची, मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंदांची घूं ऐकायची, बंद करायची. असं दोन-तीनदा करून मग स्टार्ट. एवढ्याने गाडी गुणी बाळासारखी सुरू झाली, तर समजावं की पेट्रोलच्या नळीतला दाब उभ्या उभ्या उतरतोय. बहुतेक वेळा पंपातली झडप गळत असते, कधी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. फरक पडला नाही तर प्लग बघा, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतली काजळी बघा, आणि टाकीतलं पेट्रोल किती जुनं ते आठवा. उभ्या गाडीच्या पेट्रोलमधला चटकन पेटणारा हलका भाग आधी उडून जातो. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. आणि हो, उंदीर. एका बॉनेटखाली मी भाकरीचा अख्खा चतकोर पाहिला आहे, शेजारी कुरतडलेली वायर. लोक तंबाखू ठेवतात. उंदीर तंबाखूला किती घाबरतात, यावर मी मत देणार नाही.

पण गॅरेजात नेलं की गाडी शहाणी होते. नेईपर्यंत इंजिन तापतं, थरथर जाते, आणि मेकॅनिक आपल्याकडे दयेने बघतो. ही तपासणी रक्ताच्या तपासणीसारखी उपाशीपोटीच व्हायला हवी: गाडी रात्री त्याच्याकडे मुक्कामाला ठेवा आणि तो सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवेल तेव्हा शेजारी उभे राहा. हे कोणी करत नाही. लोक नवीन बॅटरी घेऊन परत येतात.

माझा खरा राग मात्र रविवारच्या विधीवर आहे. चहा झाला की खाली यायचं, गाडी जागेवरच दहा मिनिटं भुरभुरत ठेवायची, बंद करायची, आणि ‘फिरवली हो गाडी’ म्हणायचं. इंजिन ९० अंशांच्या आसपास नीट काम करतं. जागेवर दहा मिनिटांत ते बऱ्याचदा तिथवर धड पोचतही नाही. जादा पेट्रोलची काजळी प्लगवर बसते, जळण्यातून निघालेलं पाणी सायलेन्सरमध्ये साचतं, आणि स्टार्टरने खाल्लेला करंट बॅटरीला धड परत मिळत नाही. शिवाय गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडंथोडं पीतच असतात. ५० मिलिअँपिअर धरले तरी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात कोरडी. त्यापेक्षा दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. नाहीतर नाशिकच्या गंगापूर रोडने अर्धा तास खरोखर चालवून आणा.

सोसायटीत हे मी सगळ्यांना ऐकवलं आहे, लिफ्टमध्ये गाठूनसुद्धा.

अण्णांना कधी नाही ऐकवलं. डोळ्यांमुळे त्यांचं चालवणं बंद झालं, तोवर घरात इंजेक्शनवाली गाडी आली होती. तरी दर रविवारी ते किल्ली मागायचे, खाली जाऊन सीटवर बसायचे, इंजिन सुरू करायचे आणि एक हात वर करून ऐकत राहायचे. त्या काळात आमच्या बॅटऱ्या जरा लवकर गेल्या. आणल्या नव्या.