एका फोनवर दोन इंटरनेट खाती

२००० सालच्या सुमारास ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी एकच फोन होता आणि त्याच फोनवरून मी दोन कंपन्यांची इंटरनेट खाती चालवत असे. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि ठरावीक तासांची खाती विकत मिळू लागली. बाबांना मुद्रितशोधनाचे काम रोज पुण्याला पाठवावे लागे. पहिल्या कंपनीचा क्रमांक संध्याकाळी हमखास एंगेज लागे, म्हणून दुसरे खाते घेतले.

विंडोज ९८ मध्ये नवी डायल-अप जोडणी, म्हणजे फोन लावून इंटरनेटला जोडणारी नोंद, तयार करणे सोपे होते. माय कॉम्प्युटरमधल्या डायल-अप नेटवर्किंगमध्ये जाऊन नाव द्यायचे, मोडेम (संगणकाला फोनच्या तारेशी जोडणारे यंत्र) निवडायचा, क्रमांक भरायचा. एकाच मोडेमवर अशा हव्या तितक्या जोडण्या ठेवता येत, कारण एका वेळी त्यांतली एकच फोन लावणार असे.

तरीही दुसरे खाते आठवडाभर चालेना. मोडेमची शिट्टी आणि खरखर नीट होई, पडद्यावरच्या घड्याळाशेजारी दोन छोट्या संगणकांचे चित्र लुकलुकू लागे, पण एकही संकेतस्थळ उघडत नसे. एके रात्री मी नावाऐवजी एका संकेतस्थळाचा आयपी पत्ता आकड्यांत टाकून पाहिला आणि पान उघडले! जोडणी ठीक होती. नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर तेवढा उत्तर देत नव्हता. पहिले खाते बसवून देणाऱ्या माणसाने त्या कंपनीचे डीएनएस पत्ते कंट्रोल पॅनेलमधल्या नेटवर्कच्या सामाईक रकान्यात भरले होते, त्यामुळे दुसऱ्या कंपनीकडून आत शिरल्यावरही संगणक पहिलीच्याच सर्व्हरला विचारत होता आणि तो बाहेरच्यांना दाद देत नव्हता. ते पत्ते तिथून पुसले आणि प्रत्येक जोडणीच्या सर्व्हर टाइप्समध्ये, टीसीपी/आयपी सेटिंग्जखाली, ज्याचे त्याला दिले. तिथेच नेटब्यूई आणि आयपीएक्स या स्थानिक जाळ्यांसाठीच्या प्रोटोकॉलच्या, म्हणजे संगणकांच्या आपसांतल्या बोलीच्या, खुणाही काढल्या; त्यांची गरज नव्हती आणि त्या काढल्यावर आत शिरायला कमी वेळ लागू लागला.

ई-मेलची अडचण वेगळी होती. आलेले पत्र पासवर्ड देऊन कुठूनही उतरवता येई, पण जावक सर्व्हर फक्त स्वतःच्या जाळ्यातून आलेल्यांचेच टपाल घेत असे, आणि तसे नसते तर कोणीही त्याच्यामार्फत फुकटची जाहिरातबाजी केली असती, म्हणून मला तो नियम रास्तच वाटतो. यावर मी आउटलुक एक्स्प्रेस या ई-मेलच्या प्रोग्रॅममध्ये बाबांच्या एकाच पत्त्याची दोन खाती केली: आवक सर्व्हर तोच ठेवला, जावक सर्व्हर मात्र ज्या त्या कंपनीचा दिला, आणि कनेक्शनच्या पानावर प्रत्येक खाते आपापल्या जोडणीशी बांधून टाकले.

शेवटी डेस्कटॉपवर दोन शॉर्टकट ठेवून त्यांना ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ अशी नावे दिली. “बाबा, सातनंतर दुसऱ्यावर क्लिक करा आणि पत्र लिहिताना वर नावही दुसरेच निवडा,” एवढेच त्यांना सांगावे लागले. त्या रात्री बावीस पानांचे काम पहिल्या फटक्यात पुण्याला गेले.