तुम्ही विचारलंत म्हणून: झुरळं औषधाला दाद का देत नाहीत?

"स्प्रे मारला की चार दिवस शांतता, पाचव्या दिवशी परत येरे माझ्या मागल्या. औषधात भेसळ आहे का हो?" सोलापुरात पेठेतल्या जुन्या घरापासून विजापूर रोडच्या फ्लॅटपर्यंत सगळीकडून हा प्रश्न येतो. भेसळ बहुतेक वेळा नसते. औषध तेच असतं, झुरळं बदललेली असतात.

आधी झुरळ कोणतं ते बघा. मोरीच्या जाळीतून वर येणारं मोठं, लालसर झुरळ गटारीतलं. जाळी नीट बसवली की त्याचं निम्मं काम झालं. खरा त्रास दीड सेंटिमीटरच्या फिकट तपकिरी झुरळाचा. डोक्यामागे दोन उभ्या काळ्या रेघा, मुक्काम मिक्सरच्या बुडात, ट्रॉलीच्या बिजागरीत, फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशी. याला 'जर्मन' हे नाव प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६७ मध्ये चिकटवलं. २०२४ साली १७ देशांतल्या २८१ झुरळांचे डीएनए ताडून पाहिले, तेव्हा ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या पट्ट्यात आशियाई झुरळापासून वेगळी झाल्याचं दिसलं. जर्मनांच्या नावावर उगाच बिल फाडलं गेलं!

दुकानातले बहुतेक स्प्रे आणि खडू पायरेथ्रॉइड गटाचे. मज्जातंतूवर सोडियम आत सोडणारी दारं असतात. हे औषध ती उघडीच धरून ठेवतं आणि झुरळ पाय झाडत उताणं पडतं. पण काही झुरळांत या दाराच्या जनुकात एक बदल असतो. प्रथिनाच्या साखळीत ९९३ व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलॲलॅनिन हे दुसरं बसतं, आणि औषधाची पकड ढिली होते. हा बदल स्प्रेमुळे घडत नाही. तो आधीपासून एखाद्या-दुसऱ्या झुरळात असतो. तुम्ही बाकीची मारता, त्याला रान मोकळं होतं. काहींच्या अंगात औषध फोडून टाकणारी विकरंही जास्त बनतात, आणि ही भानगड जास्त वाईट, कारण तीच विकरं कधी कधी न वापरलेलं दुसरं औषधही पचवतात.

वेगाचंही बघा. अंड्यांच्या एका पिशवीत ३० ते ४० अंडी. मादी ती पिशवी फुटायच्या बेतात येईपर्यंत शेपटाला धरून हिंडते. उकाड्यात दोन-तीन महिन्यांत पिल्लू वयात येतं, आणि एकदा जोडी जमली की मादीला पुढच्या पिशव्यांना तेवढं पुरतं. म्हणजे जुन्या बाजारातून आणलेल्या फ्रिजमधून एकच पोटुशी मादी आली, तरी तिच्या आधीच्या घरातला प्रतिकार तुमच्या ओट्याखाली नांदायला येतो.

जेलचं, म्हणजे गोड आमिषात औषध घालून केलेल्या मलमाचं, दुखणं वेगळं. १९९३ साली अमेरिकेत अशी झुरळं नोंदली गेली, जी आमिषातलं ग्लुकोज चाखताच मागे सरायची. कारण २०१३ मध्ये कळलं: त्यांच्या तोंडाजवळच्या केसांत कडू चव ओळखणाऱ्या पेशी ग्लुकोजनेही चेतवल्या जातात. साखर त्यांना कडू लागते. हा गुण एका मुख्य जनुकाचा आणि अर्धवट प्रभावी, म्हणजे आई-बापापैकी एकाकडून आला तरी थोडा दिसतो. साध्या साखरेवरही लाळेचा परिणाम होऊन ग्लुकोज सुटतं, त्यामुळे साखर घातलेल्या बोरिकच्या गोळ्याही अशी झुरळं टाळू शकतात. घरी अंदाज घ्यायचा तर रात्री ओट्याखाली पुठ्ठ्यावर दोन ठिपके ठेवा: एक ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून, दुसरा शेंगदाण्याच्या कुटाचा. कूट कुरतडलेलं आणि ग्लुकोज जसंच्या तसं दिसलं, तर संशयाला जागा आहे. मग गोळ्या कुटाच्याच करा: दोन चमचे कूट, दोन चमचे कणीक, एक चमचा बोरिक पावडर, थोडं पाणी. लहान मुलं आणि मांजर पोचणार नाही अशाच फटीत ठेवायच्या.

बाजारातलं जेल वापरणार असाल तर मुगाएवढे वीस-पंचवीस ठिपके, बिजागऱ्या नि फटींच्या तोंडाशी. मोठे गोळे दोन-चार ठिकाणी नकोत. जेलच्या आसपास स्प्रे मारला की झुरळं तिकडे फिरकतच नाहीत. इथेच बहुतेकांचं चुकतं. पिशवीवाली मादी फार खात नाही, म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरा हात लागतोच. बदलताना नाव नाही, घटक वाचा: इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल, इंडोक्साकार्ब हे तिघे वेगवेगळ्या जागी मारा करतात. दोन औषधं एकत्र मिसळू मात्र नका. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०१९ च्या चाचणीत मिश्रण फसलं, आणि तीन औषधं आलटूनपालटून वापरल्यावरही संख्या जेमतेम आहे तिथेच राहिली. सुरुवातीला प्रतिकार कमी होता, तिथे मात्र एकाच जेलने जवळपास सफाया झाला.

म्हणून पाणी तोडा. नुसत्या पाण्यावर हे झुरळ महिनाभर काढतं, पाण्याशिवाय साधारण दोन आठवडे. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, त्यामुळे घरात पिंपं भरलेली. पिंपांना घट्ट झाकण, तळाशी साचलेलं पाणी पुसलेलं, रात्री बेसिन कोरडं, फ्रिजमागचा ट्रे रिकामा. कडक भाकरीचा चुरा डब्याबाहेर राहिला, तर जेलकडे बघतंय कोण?