कुकमचे हंस आणि आपली मुठा

काल खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली, आणि मला एकदम कुकम आठवलं. लेकीकडे तीन महिने राहिलो होतो, इंग्लंडात बर्कशरमधलं थेम्सकाठचं जुनं गाव, हाय स्ट्रीट इतका छोटा की चालायला लागलो की संपलाच. स्टॅन्ली स्पेन्सर हा चित्रकार 1891 साली तिथेच जन्मला, त्याची गॅलरी जुन्या मेथॉडिस्ट चॅपेलमध्ये आहे, मी दोनदा गेलो (दुसऱ्यांदा पाऊस लागला म्हणून, खरं सांगतो). पण खरी धमाल जुलैत, स्वान अपिंगला, म्हणजे थेम्सवरच्या हंसांच्या दरवर्षीच्या मोजणीला! राजाची आणि व्हिंटनर्स, डायर्स या दोन जुन्या व्यापारी संघांची माणसं होड्या वल्हवत येतात, हंसांची पिल्लं धरतात, वजन-मापं घेतात नि सोडून देतात. एक राखाडी पिल्लू, पाय मऊ दोरीनं बांधलेले, तरी धरणाऱ्याच्या बाहीला चोची मारत होतं. ही म्हणाली, "अहो, आपल्या मुठेत काय मोजायचं, जलपर्णी?" मी गप्प.

बाकी राहायला म्हणाल तर रात्री नऊला लख्ख उजेड आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही, जेवायचं कधी तेच कळेना.