‘बल कोणावर?’

आमच्या काळात आपल्या शाळेत नववीला विज्ञान शिकलेल्या कोणालाही झोपेतून उठवून न्यूटनचे नियम विचारा. व्याख्या अर्धीच आठवेल, पण ‘बल कोणावर?’ हा प्रश्न सरांच्या आवाजासकट आठवेल. सर अस्सल नागपुरी. फळ्यावर प्रमाण मराठी आणि तोंडाने, ‘काऊन रे, बल कोणावर लागून राहिलं ते सांग ना पहिले!’ न्यूटनने हे नियम १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त लॅटिनमध्ये मांडले. आम्ही ते नागपुरीत शिकलो आणि माझ्या मते त्यात काही बिघडलं नाही.

पहिल्या नियमाला सर फार वेळ देत नसत. बर्डीहून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीहून, निघालेली सिटी बस, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, उभी माणसं पुढे कोसळली. कोणी ढकललं? आम्ही म्हणायचो, ‘ब्रेकनं.’ पण ब्रेकने तर बसला थांबवलं. बसची फरशी थांबली, घर्षणाने पाय थांबले. वरच्या अंगाला थांबवणारं बल वेळेवर मिळालंच नाही, म्हणून ते आधीच्या वेगाने पुढे जात राहिलं. पुढे ढकलणारं बल कोणावरच नव्हतं. ‘नसलेलं बल शोधत बसू नका,’ असं म्हणून सर पुढे सरकायचे.

खरा रंग चढायचा तो तिसऱ्या नियमाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपल्याकडे लहान पोरं चाकांचा लाकडी बैल दोरीने ओढत फिरतात. सरांचा सवाल त्यावरच. पोरगं बैलाला जेवढ्या बलाने पुढे ओढतं, तेवढ्याच बलाने बैल पोराला मागे ओढतो. दोन्ही बलं सारखी आणि उलट दिशांची. मग बैल जागचा हलतो कसा? कोणी म्हणे पोराचा जोर जास्त असतो. कोणी म्हणे बैलाची प्रतिक्रिया जरा उशिरा येते. या दुसऱ्या उत्तरावर सर मनापासून हसले होते.

मग फळ्यावर दोन चौकोन. एकात बैल, दुसऱ्यात पोरगं. बैलाच्या चौकोनात फक्त बैलावरची बलं लिहायची: दोरीची ओढ पुढे, चाकांचं घर्षण मागे. ओढ जास्त झाली की बैल निघाला. पोराच्या चौकोनात दोरीची ओढ मागे आणि जमिनीने तळपायाला दिलेला रेटा पुढे. क्रिया एका चौकोनात, प्रतिक्रिया दुसऱ्यात. मग ती एकमेकांना खोडणार कशी?

एवढ्यावर थांबतील ते सर कसले! त्यांनी कॅरमची बोरिक पावडर वर्गातल्या फरशीवर पसरली, सगळ्यात धिप्पाड पोराला मोजे घालून त्यावर उभं केलं आणि दोरी बांधलेलं टेबल ओढायला सांगितलं. टेबल ढिम्म, पैलवानच घसरत टेबलाकडे निघाला. मग एक हडकुळा पोरगा, अनवाणी, कोरड्या फरशीवर. टेबल करकरत आलं आणि शेजारच्या वर्गातल्या बाई काय झालं म्हणून बघायला आल्या.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या रस्सीखेचीत आम्ही हेच वापरलं. दोरीचा ताण दोन्ही टोकांना जवळपास सारखाच असतो. जिंकतो तो संघ, ज्याला जमीन जास्त रेटा देते. म्हणून सरांचा सल्ला होता: बेटकुळ्या दाखवू नका, वजनदार पोरं घ्या, टाचा रोवा, अंग मागे टाका. दहावीच्या संघाला आम्ही रेषेपार ओढून आणलं. त्यांच्यातले दोघं गुळगुळीत तळाच्या चपला घालून उतरले होते, तेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

सरांचा राग होता तो गाइडांवर. टेबलावर पुस्तक ठेवलं, त्याचं वजन खाली, टेबलाचा रेटा वर. ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असं एका गाइडात छापलेलं होतं. सरांनी ते आमच्याकडून पेनाने खोडून घेतलं. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर असताना जोडी कसली? पृथ्वी पुस्तकाला ओढते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला तेवढ्याच बलाने ओढतं. पृथ्वीचं वस्तुमान सुमारे ६ वर २४ शून्यं इतके किलो, म्हणून तिचं हलणं कोणाला कळत नाही. आणि टेबल पुस्तकाला वर रेटतं, त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली दाबतं. इंजिनिअरिंगला गेलेली पोरंही इथे अडखळताना मी पाहिली आहेत.

दुसऱ्या नियमावर, म्हणजे ‘बल = वस्तुमान × त्वरण’ यावर, तर माझं पोट आहे. मी नागपुरात लोकांना गाडी चालवायला शिकवतो. सीटबेल्टचा विषय निघाला की हमखास एक वाक्य ऐकू येतं, ‘लेकरू मांडीवर आहे, घट्ट धरलंय.’ मी कागद काढतो. लेकरू १० किलोचं. गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटर. धडकेत ती ०.१ सेकंदात थांबली, तर त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, १०० मीटर प्रति सेकंद वर्ग. लेकरालाही तेवढ्याच वेळात थांबवायचं तर बल १००० न्यूटन, म्हणजे जवळपास १०० किलोचं ओझं पेलण्याइतकं. ही गल्लीतली गती झाली. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मुभा आहे. थांबायला वेळ तेवढाच धरला तर आकडा तिपटीहून वर जातो.

मागे एक गृहस्थ सून आणि नातवाला घेऊन आले होते. तरुणपणी आखाड्यात घुमलेले, दंड अजून भरीव. कागदाकडे न बघताच म्हणाले, ‘मास्तर, माझ्या हातातून पोट्टं सुटत नाही.’

मी विचारलं, ‘काकाजी, बल कोणावर?’

‘पोट्ट्यावर.’

‘आणि ते लावायचं कोणी?’

‘माझ्या हातानं.’ मग त्यांनी कागद जवळ ओढला, चष्मा लावला, १००० वर बोट ठेवलं. ‘म्हणजे तेवढंच माझ्या हातावरबी येईन.’

‘येईन ना.’

ते सुनेकडे वळले. ‘लहान पोरायची ती सीट बर्डीवर भेटन काय वो?’