पाच रंगांचे तांदूळ

शनिवार, रात्रीचे पावणेबारा

काल रात्री ‘पुयो पुयो’ या व्हिडिओ गेमचे नऊ डाव खेळले आणि त्यांतले सहा हरले. हरण्याचे काही वाटत नाही, पण नववा डाव अजून डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून झोपण्याआधी वही उघडली आहे. समोर जपानमधला कोणी अनोळखी खेळाडू होता. माझी मांडणी चांगली जमली होती. आठ कड्यांची साखळी उभी राहिली होती आणि ती पेटवायला फक्त एक लाल गोळा हवा होता. नेमक्या त्या वेळी त्याने तीन कड्यांचा एक लहानसा वार केला. चौदा करडे गोळे माझ्या बाजूवर कोसळले, म्हणजे दोन पूर्ण ओळी आणि त्यांवर आणखी दोन, आणि जिथे मी ठिणगी टाकणार होते ती जागा त्यांच्याखाली गाडली गेली. त्यानंतर त्याने अजिबात घाई केली नाही. आपली मोठी साखळी सावकाश पूर्ण केली आणि सोडली. मी हातातला कंट्रोलर खाली ठेवला तेव्हा माझ्या डाव्या अंगठ्यावर दिशेच्या कळीचा अधिक चिन्हासारखा वळ उमटलेला होता.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना तो लहान मुलांचा वाटतो, कारण पडद्यावर डोळे असलेले रंगीत, लिबलिबीत गोळे जोडीजोडीने खाली येत असतात. सहा घरे रुंद आणि बारा घरे उंच अशी प्रत्येकाची चौकट असते. एका रंगाचे चार गोळे एकमेकांना चिकटले की नाहीसे होतात, त्यांच्यावरचे खाली घसरतात, आणि घसरताना त्यांतले चार पुन्हा जुळले तर साखळीची दुसरी कडी लागते. नियम इतकाच आहे. या खेळाचे खरे मर्म त्याच्या गणितात आहे. नुसते चार गोळे फोडले तर चाळीस गुण मिळतात, आणि सत्तर गुणांना प्रतिस्पर्ध्याकडे एक करडा, वाट अडवणारा गोळा जातो, म्हणजे तेवढ्यावर काहीच जात नाही. दोन कड्यांना पाच गोळे जातात, तिनांना चौदा, चारांना बत्तीस आणि पाचांना एकोणसत्तर. चौकटीत एकूण घरे बहात्तर! म्हणजे पाच कड्यांची नीट बांधलेली साखळी समोरच्याची जवळजवळ सगळी चौकट बुजवू शकते, मग दहा-बारा कड्यांची बांधणाऱ्यांची गोष्टच वेगळी. हिरोशिमाच्या कंपाईल या कंपनीने 1991 मध्ये हा खेळ काढला आणि 1994 मध्ये काढलेल्या त्याच्या दुसऱ्या भागात, समोरून आलेल्या साखळीला आपल्या साखळीने कापण्याची सोय केली. माझ्या मते हा खेळ खऱ्या अर्थाने द्वंद्व झाला तो त्या दिवशी, कारण तोपर्यंत जो आधी पेटवेल तो जिंकत असे, आणि नंतर प्रत्येक वाराला उत्तर असण्याची शक्यता निर्माण झाली.

कालचा वार मला का लागला, हे आज दिवसभर कामे करताना उलगडत गेले. दोन्ही खेळाडूंना जोड्या त्याच येतात आणि त्याच क्रमाने येतात. जो भराभर खेळतो तो त्या क्रमात चार पावले पुढे असतो. त्याच्या हातात आत्ता जे आहे ते थोड्या वेळाने माझ्या हातात येणार असते. त्या खेळाडूने माझी चौकट पाहिली, मला लाल हवा आहे हे ओळखले, आणि पुढच्या तीन-चार जोड्यांमध्ये लाल नाही हे तर त्याने स्वतः खेळूनच पाहिले होते. माझ्याकडे लाल येणार नाही हे माझ्या आधी त्याला ठाऊक होते. जपानी खेळाडू या पाहण्याला ‘ग्योशी’ म्हणतात, म्हणजे टक लावून बघणे. स्वतःचे हात चालू ठेवून दुसऱ्याच्या घरात काय शिजते आहे ते वाचायचे, ही विद्या साखळ्या पाठ करून येत नाही. मी तीन वर्षे साखळ्या पाठ केल्या आणि नजर मात्र माझ्याच अर्ध्या पडद्यावर खिळवून ठेवली.

लोक अशा खेळांना टाइमपास म्हणतात त्याचे मला मनापासून वाईट वाटते. बुद्धिबळाला कोणी तसे म्हणत नाही. वास्तविक पुयोमध्ये बुद्धिबळाइतकाच विचार लागतो आणि विचार करायला घड्याळ थांबत नाही. शिवाय नशिबाची सबब नाही. दोघांना सारखेच गोळे मिळाले असताना हरलेल्याने बोट कोणाकडे दाखवायचे? जपानच्या ई-क्रीडा संघटनेने 2018 मध्ये या खेळासाठी व्यावसायिक परवाने द्यायला सुरुवात केली तेव्हा मला एखाद्या जवळच्या माणसाला मान मिळाल्यासारखे वाटले होते.

माझी स्वतःची सुरुवात टेट्रिस या ठोकळे रचण्याच्या खेळाच्या गरीब चुलत भावापासून झाली. जोतिबाच्या यात्रेत बाबांनी दादाला आणि मला मिळून एक ब्रिक गेम घेऊन दिला होता. राखाडी काचेवर काळे चौकोन, वर ‘9999 इन 1’ असा छाप, आणि दोन पेन्सिल सेल घातले की चालू. तो दोघांत एकच असल्यामुळे आमची स्पर्धा आळीपाळीने चाले. दादाचा खेळ संपला की तो गुण वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचा आणि माझ्या हातात यंत्र द्यायचा. समोरासमोर न लढताही माणूस लढू शकतो हे मी तिथे शिकले. अलेक्सेई पाजित्नोव यांनी 1984 मध्ये मॉस्कोत लिहिलेला टेट्रिस कुठल्या कुठल्या रूपात आमच्या माजघरापर्यंत पोहोचला होता, हे मला फार उशिरा कळले.

टेट्रिसची 1989 ची निन्टेंडो आवृत्ती आजही स्पर्धेत खेळली जाते. एकोणतिसाव्या पातळीवर ठोकळे इतक्या वेगाने पडतात की कळ दाबून धरली तर ठोकळा कडेपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून अनेक वर्षे ती पातळी म्हणजे खेळाचा शेवट असे सगळे धरून चालले होते. मग खेळाडूंनी पकडच बदलली. अंगठा कळीवर अलगद टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक वाजवायची, तबल्यावर बोटे फिरावीत तशी. दर बोटाच्या ठोक्याला कळ खालून वर येऊन अंगठ्याला भिडते. या रीतीने 21 डिसेंबर 2023 रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या विलिस गिब्सन या तेरा वर्षांच्या मुलाने खेळ 157 व्या पातळीपर्यंत नेला आणि तिथे खेळच गोठला. माणसाने त्या आवृत्तीला असे थकवण्याची ती पहिली वेळ होती. त्याचे वडील त्याच महिन्यात वारले होते आणि त्याने तो विक्रम त्यांना अर्पण केला. एका ब्रिटिश वाहिनीवरच्या निवेदिकेने मात्र त्याला बाहेर जाऊन मोकळी हवा खाण्याचा सल्ला दिला. ते ऐकून मला जो राग आला तो अजून शमलेला नाही. एखाद्या मुलाने त्या वयात पोहण्याचा विक्रम केला असता तर त्याला पाण्यातून बाहेर ये असे कोणी म्हणाले असते का?

आज संध्याकाळी दादाचा मुलगा आला होता. तो अकरा वर्षांचा आहे आणि त्याचे सगळे विश्व निन्जांनी भरलेले आहे. टीव्हीवरच्या ‘निन्जा हातोरी’ या कार्टूनपासून त्याने सुरुवात केली, त्यामुळे इगा आणि कोगा ही जपानमधल्या जुन्या निन्जांच्या भागांची नावे त्याला आपल्या तालुक्यांसारखी पाठ आहेत. माझ्या पडद्यावरचे गोळे पाहून त्याने विचारले, “आत्या, यात निन्जा कुठे आहे?”

मी त्याला काय सांगितले ते लिहिण्याआधी निन्जांविषयीचे माझे मत लिहिले पाहिजे, कारण ते बऱ्याच जणांना पटत नाही. व्हिडिओ गेमनी निन्जाचे फार नुकसान केले आहे. 1987 च्या ‘शिनोबी’त जो मुसाशी नावाचा निन्जा भर दिवसा रस्त्यावरून पाती फेकत धावतो. 1988 चा ‘निन्जा गायडेन’ मला अतिशय प्रिय आहे, त्यातला तो पक्षी ऐन उडीत अंगावर येऊन मला शेकडो वेळा खड्ड्यात पाडून गेला आहे. पण त्यातला र्यू हायाबुसा हा योद्धा आहे, हेर नव्हे. 1992 च्या ‘मॉर्टल कोंबॅट’मध्ये तर एकाच नटाच्या चित्रांचा रंग बदलून पिवळा, निळा आणि हिरवा असे तीन निन्जा उभे केले. ज्याच्या धंद्याचा सारा भर कोणाच्या लक्षात न येण्यावर, त्याला सगळ्यात भडक कपडे! इगाच्या खऱ्या शिनोबींची, म्हणजे निन्जांची, कामे टेहळणी, वेषांतर, बातमी आणणे, वेळ आली तर आग लावणे अशी होती. बहिर्जी नाईकांच्या वेषांतराच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना हे समजायला काहीच अडचण पडू नये. फकिराच्या किंवा गोंधळ्याच्या वेषात शत्रूच्या गावात फिरून येणारा माणूस आपल्या गोष्टींत तलवार उपसत नाही, आणि तरीही गोष्टीचा नायक तोच असतो.

या कसोटीवर माझ्या मते एकच खेळ पूर्ण उतरला, तो 1998 चा ‘तेन्चू’. प्लेस्टेशनवरचा तो खेळ मी गावातल्या गेम पार्लरमध्ये तासाच्या भाड्याने खेळले. त्यात शत्रू किती जवळ आहे हे एक आकडा सांगत असे. पहारेकऱ्याला संशय आला की तिथे प्रश्नचिन्ह उमटे आणि त्याने पाहिले की उद्गारचिन्ह. धुके इतके दाट की पडद्यापेक्षा त्या आकड्यावरच जास्त विसंबावे लागे. मी एकदा छपराच्या कडेला पालथी पडून एका पहारेकऱ्याच्या सात फेऱ्या मोजल्या होत्या आणि मागे उभी असलेली मुले कंटाळून दुसऱ्या यंत्राकडे निघून गेली होती. 2019 चा ‘सेकिरो’ थोर आहे, त्यातली तलवारींची टक्कर मला झोपेतही ऐकू येते, पण तो शेवटी समोरासमोरच्या झुंजीचा खेळ आहे. 2025 च्या ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’मधली इगाची नाओए दिवे विझवत, जमिनीवर सरपटत पुढे जाते, तेव्हा फार वर्षांनी मला तेन्चूची आठवण झाली.

तेन्चूमध्ये एक वस्तू मिळत असे जिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे, ती म्हणजे रंगीत तांदूळ. आलेली वाट ओळखू यावी म्हणून ते जमिनीवर टाकायचे. ही कल्पना खेळ रचणाऱ्यांनी मनाने काढलेली नाही. जपानीत त्याला ‘गोशिकी-माई’ म्हणतात, म्हणजे पाच रंगांचे तांदूळ: लाल, निळा, पिवळा, काळा आणि जांभळा. शिनोबी हे दाणे ठरलेल्या क्रमाने रस्त्याकडेला टाकत, आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी ते सांडलेले तांदूळ असत, पण मागून येणाऱ्या साथीदारासाठी तो मजकूर असे. आपल्याकडे अक्षता कुंकवाने रंगवतात, त्यामुळे मूठभर रंगीत तांदूळ कसे दिसत असतील याची मला कल्पना करावी लागत नाही.

तर मी भाच्याला हे तांदूळ सांगितले. मग पडद्याकडे बोट दाखवून म्हटले, “हे बघ, इथेही रंग पाचच आहेत. समोरच्याच्या चौकटीत ते सगळ्यांना दिसतील असे पसरलेले आहेत. ज्याला ते वाचता येतात, तोच निन्जा.” त्याला ते लगेच पटले असे नाही. त्याने तलवार आहे का म्हणून विचारले. मी कालचा नववा डाव त्याला कागदावर काढून दाखवला, लाल गोळ्याची माझी रिकामी जागा, त्यावर पडलेल्या दोन ओळी, आणि त्या खेळाडूला ते आधी कसे कळले असेल तेही. तो कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला.

मग आम्ही खेळलो. पहिल्या चार डावांत त्याने नेहमीसारखे चार-चार गोळे फोडले. पाचव्या डावात माझी सहा कड्यांची साखळी तयार होती आणि मी हिरव्याची वाट पाहत होते. त्याचा हात अर्धा क्षण थांबला. मी पडद्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहिले, तर त्याची मान किंचित वळलेली होती, माझ्या बाजूकडे. त्याने दोन कड्या फोडल्या. पाच करडे गोळे खाली आले आणि त्यांतला एक माझ्या हिरव्याच्या जागेवर जाऊन बसला.

“आत्या,” त्याने हळूच विचारले, “तुझ्याकडे हिरवा येणार नव्हता ना?”

मी पुढच्या जोड्या पाहिल्या. पिवळा-निळा आणि निळा-निळा होत्या.