बरणी पास, भजी नापास

आज दिवसभर लॅबमध्ये लोणच्याच्या प्लॅस्टिक बरण्या. लोणचं नाही हं, 3 टक्के ॲसेटिक ॲसिड भरून 40 अंशांवर 10 दिवस ठेवलेल्या. आंबट पदार्थाच्या बदली हे द्रावण. प्लॅस्टिकमधून त्यात काय उतरतं ते बघायचं. आज ते आटवलं. बशीच्या तळाशी उरला, उजेडात तिरकं धरल्यावर जेमतेम दिसणारा पांढुरका पापुद्रा. तो वजनकाट्यावर. काट्याचं दार जरा उघडं राहिलं की एसीच्या वाऱ्यानेही आकडा नाचतो, म्हणून श्वास रोखून बसायचं!

उतरण्याची मर्यादा किलोभर पदार्थामागे 60 मिलिग्रॅम. बरणी पास. पण हे फक्त 'किती' झालं. 'काय' उतरलं, थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन) की शिसं, त्यासाठी वेगळी यंत्रं, वेगळ्या चाचण्या. गिऱ्हाइकाला मात्र रिपोर्ट कालच हवा असतो.

संध्याकाळी टपरीवर गरमागरम भजी आली ती थेट वर्तमानपत्रात. 2018 च्या अन्न पॅकेजिंगच्या नियमांनुसार याला बंदी आहे, कारण गरम तेलात शाई सहज उतरते. मी स्टीलची प्लेट मागितली.

"मॅडम, रोजच्या लोकांना काय झालंय का?"

समजावत बसले असते तर भजी गार झाली असती. प्लेट मिळाली, वर एक मिरची जास्तीची.