कव्हर गाण्यांची यादी, अपडेट 7 : गीतरामायणापाशी अडलोय

कव्हर म्हणजे एकाचं गाणं नंतर दुसऱ्याने गाऊन काढलेलं, अशा गाण्यांची यादी मी करतोय. गेले दोन महिने काही लिहिलं नाही कारण यादी पुढे सरकत नव्हती. मागच्या अपडेटला 180 नोंदी होत्या, आज 214 आहेत, म्हणजे वाढल्यात, पण "कव्हर आहे का" या रकान्यात हो लिहायचं की नाही यावरच अडकलोय, आणि अडकवलं ते गीतरामायणाने.

आधी कॅसेट डेकचं सांगतो. एका भावगीताची व्हर्जन कॅसेट (मूळ गाणं दुसऱ्या गळ्यात गाऊन काढलेली) लावली आणि पेटी घेऊन सा शोधायला बसलो, तर सूर पांढरी एक आणि काळी एकच्या मधे कुठेतरी, कुठलीच पट्टी लागेना. बेल्ट सैल झालेला, टेप मंद चालत होती. नवीन बेल्ट टाकला तरी आवाज फडक्याखाली झाकल्यासारखा, मग टेप वाचणाऱ्या हेडशेजारचा तो बारका स्क्रू हेडफोन लावून अगदी थोडा इकडे थोडा तिकडे फिरवत बसलो आणि एका जागी टाळांचा किणकिणाट एकदम मोकळा झाला. अंगावर काटा आला खरंच. आणि मग पहिल्यांदा ऐकू आलं की अंतऱ्याआधीच्या म्युझिक पीसमधे बासरीवाला मूळ रेकॉर्डवर जिथे दम घेतो तिथेच हाही घेतोय. म्हणजे नोटेशन समोर ठेवून नाही, रेकॉर्ड ऐकून ऐकून बसवलंय. याला मी डोळे मिटून कव्हर म्हणतो, यात वादच नाही.

इनलेवर (कॅसेटच्या डबीतल्या कागदावर) मात्र मूळ गायिकेचं नाव ठळक आणि जिने गायलंय तिचं आतल्या घडीवर बारीक अक्षरात. कंपनीचं नाव घेत नाही, पण हे मला अजिबात पटलेलं नाही, त्या मुलीने जीव ओतून गायलंय. पूर्वी मूळ रेकॉर्डिंगनंतर दोन वर्षं झाली की रॉयल्टी भरून व्हर्जन काढता यायचं, 2012 च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात 31 सी कलम आलं आणि ती मुदत पाच वर्षांवर गेली, शिवाय वर्षाला निदान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरायची आणि वेष्टनावर हे कव्हर आहे असं स्पष्ट छापायचं. छापायची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आता माझ्या यादीत गाणाऱ्याचं नाव पहिल्या रकान्यात आहे, मूळ नंतर.

पण कायद्याची व्याख्या ध्वनिमुद्रणावर उभी आहे, अमेरिकेतली पण तशीच, तिकडे 1955 साली लिटल रिचर्डचं टुटी फ्रुटी आलं की लगेच पॅट बूनने आपलं काढलं, बाजारात एक रेकॉर्ड आधी आणि दुसरी नंतर, हिशोब सोपा. आपल्याकडे बऱ्याचदा गाण्याची ओळख चालीवरून असते, "ही बाबूजींची (सुधीर फडक्यांची) चाल" "ही खळ्यांची चाल" असंच म्हणतो ना आपण. कट्यार काळजात घुसली घ्या. 1967 च्या नाटकात घेई छंद मकरंद एकदा पंडितजी या पात्राच्या तोंडी धानी रागात आहे आणि एकदा खाँसाहेबांच्या तोंडी सालगवराळी रागात, शब्द तेच आणि दोन्ही चाली अभिषेकीबुवांच्याच. यातलं एक दुसऱ्याचं कव्हर? नाही, कारण चाल वेगळी. 2015 च्या सिनेमात राहुल देशपांडे गातात ते मात्र कव्हर, आजोबांनी, वसंतराव देशपांड्यांनी, रंगभूमीवर गाजवलेली चाल नातू गातोय. इथे माझा नियम व्यवस्थित चालला : चाल तीच, गळा दुसरा, वेळ नंतरची.

झिंगाटपाशी थोडा डुगडुगला. 2016 ला सैराटमधे मराठी, 2018 ला धडकमधे हिंदी, चाल अजय-अतुलची आणि गळेही अजय-अतुलचेच. शब्द बदलले म्हणून "भाषांतर" असा वेगळा रकाना केला आणि पुढे गेलो.

आणि मग गीतरामायण. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, वर्षभर चाललं, एकूण 56 गाणी, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. तेव्हा पात्रांप्रमाणे वेगवेगळे गायक होते, सीतेचं जेथे राघव तेथे सीता माणिक वर्मांनी गायलं. नंतर बाबूजी स्वतः सगळी 56 गायला लागले आणि घराघरात रेकॉर्ड पोचल्या त्या त्यांच्याच आवाजातल्या. माझ्या नियमाने बाबूजींचं जेथे राघव हे माणिकताईंच्या गाण्याचं कव्हर होतं. ज्याने चाल बांधली त्याच्या नावापुढे कव्हर लिहायचं? चार दिवस तो चौकोन मी रिकामा ठेवला होता.

शेवटी दोन्ही पाठोपाठ ऐकली, दिवे घालवून. माणिकताई गातात तेव्हा सीता समोर उभी आहे, रामाशी भांडतेय, हट्ट करतेय. बाबूजी गातात तेव्हा सीता बोलत नाहीये, कुणीतरी सीतेचं बोलणं आपल्याला सांगतंय. आणि मग लक्षात आलं की गीतरामायणाची रचनाच तशी आहे, लव-कुश रामासमोर बसून रामाची कथा गातायत! एकाच गळ्यातून दशरथ, कैकेयी, सीता, भरत सगळे येणं म्हणजे कीर्तनकाराने कथा लावणं, ते आपल्या कानाला किती ओळखीचं आहे. म्हणजे चाल तीच राहिली पण गाणारा कथेतल्या वेगळ्या जागी जाऊन बसला. मला तरी मूळ सीता माणिकताईंचीच वाटते आणि बाबूजींचं कथन तितकंच खरं वाटतं.

तर त्या चौकोनात "हो" लिहिलंय, आणि शेजारी नवा रकाना काढलाय, "गाणारा कोण म्हणून गातोय". पात्र, कथेकरी की आपण स्वतः. आता 214 नोंदी या रकान्यासाठी परत ऐकायच्यात, काल रात्री पहिल्या अकरा झाल्या, त्यात दोन अभंग होते आणि दोन्हीकडे काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. तुकोबांचा अभंग गाताना गाणारा तुकोबा असतो का? दिंडीत चालणाऱ्या कुणी यावर विचार केला असेल तर मला नक्की सांगा.